हडसन नदीवरचा पायी चालण्याचा पूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला, पकिप्सी आणि हायलँड या दोन गावांना जोडणारा 'वॉकवे ओव्हर द हडसन' हा पूल. भारतातून आई-बाबा आले की न्यू जर्सी-न्यू यॉर्कमधल्या मराठी घरांतून त्याच्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. वेळा, लिफ्ट आणि पार्किंगचे नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी न्यू यॉर्कच्या स्टेट पार्क खात्याची सूचना एकदा बघून घ्या.

१. हा पूल किती उंच आणि किती लांब आहे?

लांबी १.२८ मैल, म्हणजे दोन किलोमीटरहून किंचित जास्त. नदीच्या पाण्यापासून उंची २१२ फूट, म्हणजे सुमारे ६५ मीटर; वीस-एकवीस मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहिल्यासारखं. रुंदी बहुतेक ठिकाणी पंचवीस फुटांच्या आसपास. गाड्यांना पूर्ण बंदी, फक्त चालणारे आणि सायकलवाले. गावाच्या नावाचं स्पेलिंग लांबलचक आहे, पण उच्चार 'पकिप्सी' असाच करतात. टॅक्सीवाल्याला किंवा तिकीट तपासनिसाला सांगताना हे उपयोगी पडतं.

२. तिकीट लागतं का? पूल कधी उघडा असतो?

पुलावर चालायला पैसे लागत नाहीत, आधी नोंदणीही नको. सकाळी ७ वाजता फाटक उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि फाटकावर लिहिलेली असते. ती वेळ पुलावरून *बाहेर पडण्याची* आहे, आत शिरण्याची नाही. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारचं जेवण उरकून सावकाश निघालेली मंडळी पूल निम्मा बघून परत फिरतात, ती यामुळेच.

३. पकिप्सीकडून चढावं की हायलँडकडून?

सहल कशी होणार ते या निवडीवर ठरतं, आणि नेमका याच गोष्टीचा विचार कोणी आधी करत नाही. म्हणून थोडं सविस्तर.

दोन किलोमीटरचा पूल म्हटलं की सगळा पाण्यावर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात नदीवरचा भाग ३,००० फुटांच्या थोडा वर आहे, म्हणजे एकूण लांबीच्या निम्म्याहूनही कमी. पकिप्सीच्या बाजूला (पूर्वेला) जवळपास अर्धा मैल पूल गावातल्या घरांच्या छपरांवरून जातो. हायलँडच्या बाजूला (पश्चिमेला) हा जमिनीवरचा भाग जेमतेम हजार फुटांचा आहे, कारण तिथला काठच उंच आहे.

याचा हिशेब असा. हायलँडच्या फाटकातून नदीच्या मध्यापर्यंत अर्धा मैल, जाऊन-येऊन एक. पकिप्सीच्या पार्कर अव्हेन्यूच्या फाटकातून मध्यापर्यंत पाऊण मैलाहून जास्त, जाऊन-येऊन दीड मैलाच्या वर. पकिप्सीच्या काठावरच्या लिफ्टने वर आलात तर मध्य एक-तृतीयांश मैलाच्याही आत.

गाडीने येणाऱ्यांनी, विशेषतः बरोबर वयस्कर माणसं किंवा तान्हं मूल असेल तर, हायलँड निवडावं. ट्रेनने येणाऱ्यांना पकिप्सीच सोयीचं. मध्यावरून दोन्ही बाजूंचं दृश्य पूर्ण दिसतं. तिथून परत फिरलात तर पाहायचं काही राहून जात नाही.

४. गाडी नाही. मॅनहॅटनहून किंवा न्यू जर्सीहून कसं यायचं?

ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थच्या हडसन लाइनची ट्रेन पकडा. पकिप्सी हे तिचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे उतरायचं चुकत नाही. पावणेदोन ते दोन तास लागतात. जाताना डावीकडच्या खिडकीत बसा, वाटभर नदी त्याच बाजूला असते. येताना उजवीकडे. तिकीट मोबाईलवर किंवा स्टेशनवरच्या यंत्रातून आधी काढा, गाडीत काढलं तर महाग पडतं. ६५ पूर्ण झालेल्यांना सवलतीचं तिकीट मिळतं. त्यासाठी वयाचा सरकारी पुरावा जवळ हवा. कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत न्यू यॉर्ककडे जाणाऱ्या गाड्यांना मात्र ही सवलत लागू नाही.

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून येणारे पेन स्टेशनला उतरतात. तिथून ग्रँड सेंट्रलला जायला सबवे बदलावा लागतो. ज्येष्ठांबरोबर ही धावपळ नको असेल तर पेन स्टेशनहूनच अ‍ॅमट्रॅकची गाडी पकिप्सीला थांबते. ती दीड तासाच्या आसपास पोचवते. भाडं जास्त असतं आणि आरक्षण लागतं, फोटो असलेलं ओळखपत्रही बाळगा.

पकिप्सी स्टेशनवरून नदीकाठाने उत्तरेकडे दहा-बारा मिनिटं चाललं की अपर लँडिंग पार्क येतं. लिफ्ट तिथेच आहे. लिफ्ट बंद असली तर काय, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

५. गाडीने येताना नकाशात काय टाकायचं? टोल लागतो का?

नुसतं पुलाचं नाव टाकलं तर नकाशा तुम्हाला कधीकधी नदीच्या नको त्या काठावर नेऊन सोडतो. म्हणून बाजू ठरवूनच पत्ता टाका : हायलँडसाठी हॅव्हिलंड रोड, पकिप्सीसाठी पार्कर अव्हेन्यू.

न्यू जर्सीहून थ्रूवे, म्हणजे आय-८७ने उत्तरेला या, एक्झिट १८ (न्यू पाल्ट्झ) घ्या, रूट २९९ने पूर्वेला ९-डब्ल्यूपर्यंत आणि मग थोडं दक्षिणेला हॅव्हिलंड रोड. रहदारी नसेल तर एडिसनहून दोन तासांच्या आसपास. या वाटेने हडसन ओलांडावीच लागत नाही, म्हणून नदीवरच्या पुलाचा टोल वाचतो; थ्रूवेचा वेगळा. पकिप्सीला जायचं तर शेजारच्या मिड-हडसन पुलावरून पूर्वेकडे जाताना टोल लागतो, पश्चिमेकडे परतताना लागत नाही. टोलनाक्यावर रोख पैसे घेत नाहीत. ई-झेडपास नसेल तर नंबरप्लेटच्या फोटोवरून बिल घरी येतं, भाड्याची गाडी असेल तर भाडं देणाऱ्या कंपनीकडे जातं.

दोन गाड्यांनी येणार असाल तर दोघांनी एकच काठ पक्का करा. "पुलाजवळ आलो" असं दोघंही म्हणतात आणि मध्ये नदी असते, असं नेहमी होतं. वाहनतळावरची शुल्काची पाटी वाचल्याशिवाय गाडी सोडून जाऊ नका.

६. लिफ्ट नेहमी चालू असते का?

नाही. ट्रेनने येणाऱ्यांची सर्वांत जास्त निराशा इथेच होते. काचेची, २१ मजले चढणारी ही लिफ्ट २०१४ मध्ये सुरू झाली. ती हंगामी आहे, कडक थंडीच्या महिन्यांत बंद असते. हंगामातही विजा, जोराचा वारा किंवा दुरुस्ती असली की थांबवतात. तिच्या वेळाही पुलाच्या वेळांपेक्षा कमी असतात : सकाळी ७ वाजता पूल उघडा असला तरी लिफ्ट सुरू झालेली नसते आणि संध्याकाळी पुलाच्या आधी ती बंद होऊ शकते. लिफ्टने वर गेलात तर शेवटची फेरी किती वाजता ते वर पाऊल टाकायच्या आधीच विचारून घ्या.

लिफ्ट बंद असेल तर स्टेशनवरून पार्कर अव्हेन्यूच्या फाटकापर्यंत सुमारे मैलभर चालावं लागतं आणि रस्ता चढाचा आहे. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना तो चढ चालायला लावू नका, स्टेशनवरून टॅक्सी घ्या.

७. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. झेपेल का?

पूल स्वतः अगदी सपाट आहे. एकही पायरी नाही, पृष्ठभाग काँक्रीटचा, व्हीलचेअर सहज जाते, अधूनमधून बाकंही आहेत. रोज सकाळी बागेत अर्धा तास फिरणाऱ्या माणसाला हायलँडकडून मध्यापर्यंत जाऊन येणं जड जाऊ नये (अंतरं प्रश्न ३ मध्ये).

गोंधळ होतो तो परतीचा. वारा पाठीवर असला की जाताना चाल हलकी वाटते आणि माणसं हौसेने पलीकडच्या टोकापर्यंत जातात. मग लक्षात येतं की तेवढंच अंतर आता समोरून येणाऱ्या वाऱ्यात परत चालायचं आहे. पूर्ण जाऊन-येऊन अडीच मैलांहून जास्त होतं आणि मधून खाली उतरायला वाट नाही, चालू असेल तर फक्त ती लिफ्ट. म्हणून थकवा जाणवायच्या आधी, घड्याळ बघून परत फिरा : वीस मिनिटं पुढे, मग मागे.

आईंना साडीच नेसायची असेल तर पदर नीट पिन करून घ्या, आणि सपाट, मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट हवेत. कानाला वारा लागतो, उन्हाळ्यातही एक स्कार्फ असू द्या.

८. मला उंचीची भीती वाटते. पूल हलतो का? खाली काच आहे का?

काच नाही, जाळीही नाही. पायाखाली भरीव काँक्रीट आहे, त्यामुळे खालचं पाणी पायांमधून दिसत नाही. हा झुलता पूलही नाही. एकेकाळी मालगाड्यांचं वजन पेललेला पोलादी सांगाडा आहे (प्रश्न ९), माणसांच्या चालण्याने तो झोके घेत नाही. काँक्रीटच्या तुकड्यांमधले सांधे पायाला जाणवतात. उन्हाने पोलाद लांबतं, थंडीत आखडतं, त्याला वाव मिळावा म्हणून ते ठेवलेले आहेत. खालून ट्रेन गेली की आवाज वर येतो, तोही धोक्याचा नाही.

भीती वाटणाऱ्याने मधोमध चालावं आणि नजर समोरच्या डोंगरावर ठेवावी. इतक्या रुंद पुलावर मध्यावरून नदी दूरची आणि शांत दिसते, कठड्याशी गेल्यावरच खोली जाणवते. कठडा मोठ्या माणसाच्या छातीच्या आसपास येतो. हायलँडकडून चालायला लागलात तर पहिले हजार फूट जमिनीवरच जातात, तोवर मन सरावतं.

९. एवढा मोठा पूल फक्त चालण्यासाठी बांधला होता का?

नाही, तो रेल्वेचा पूल होता. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा न्यू इंग्लंडच्या कारखान्यांपर्यंत न्यायला हडसन ओलांडणारी वाट हवी होती. १८७० च्या दशकात काम सुरू झालं, पैशांअभावी रखडलं आणि अखेर १८८८ च्या अखेरीस पहिली गाडी पुलावरून गेली. तेव्हा जगातल्या सर्वांत लांब पुलांमध्ये त्याची गणना होत होती.

८ मे १९७४ रोजी पुलाला आग लागली. रुळांखालचे लाकडी स्लीपर जळाले, रूळ निकामी झाले आणि रेल्वेने तो पुन्हा सुरू केलाच नाही. पस्तीस वर्षं तो तसाच उभा होता. पाडून टाकण्याऐवजी त्यावर पायवाट करावी यासाठी स्थानिक नागरिकांनी १९९२ मध्ये संस्था उभी केली. निधी, परवानग्या, सांगाड्याची तपासणी हे सगळं पार पाडून ३ ऑक्टोबर २००९ रोजी पूल लोकांसाठी खुला झाला. त्या वर्षी हेन्री हडसनच्या या नदीतल्या प्रवासाला ४०० वर्षं होत होती. सतरा वर्षं चिकाटीने काम करणाऱ्या साध्या नागरिकांमुळे आज आपण तिथे फुकट चालतो, हे बरोबरच्या मुलांना जरूर सांगावं.

१०. वरून नेमकं काय दिसतं?

दक्षिणेला अगदी जवळ मिड-हडसन हा १९३० सालचा झुलता पूल, त्याच्यामागे नदीचं वळण आणि दूरवर हडसन हायलँड्सचे डोंगर. उत्तरेला लांब सरळ पात्र, उजव्या काठावर मॅरिस्टचं विद्यापीठ, आणि हवा स्वच्छ असेल तर डावीकडे क्षितिजावर कॅट्सकिल पर्वतांची निळसर रेघ. दोन्ही काठांना रूळ आहेत : पूर्वेला प्रवासी गाड्या, पश्चिमेला मालगाड्या. वरून त्या खेळण्यातल्या दिसतात, मुलं तिथून हलत नाहीत.

आणखी एक बघण्यासारखी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. समुद्र इथून सत्तरएक मैलांवर आहे, तरी हडसनला इथे भरती-ओहोटी येते; ती याच्याही पुढे, ट्रॉय गावापर्यंत पोचते. भरतीच्या वेळी नदी उलटी, उत्तरेकडे वाहताना दिसते. इथल्या मूळ रहिवाशांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच 'दोन्ही दिशांना वाहणारं पाणी' असा होता. पाण्यावरचं पान किंवा ओंडका कुठल्या दिशेला सरकतो ते पाच मिनिटं कठड्याशी उभं राहून पाहा. कोकणात खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

११. कोणत्या महिन्यात यावं?

पानांच्या रंगांसाठी ऑक्टोबरचा मध्य ते अखेर. त्या शनिवार-रविवारी मात्र पार्किंग सकाळीच भरतं. आठच्या आत पोचा किंवा मधल्या वारी या. मे-जून हिरवागार आणि सोसणारा. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहानंतर नको : दोन किलोमीटरमध्ये झाडाची सावली नाही आणि काँक्रीट तापतं. छत्री हा उपाय नाही, वाऱ्यात ती उलटी होते. मागे दोरी असलेली टोपी घ्या.

१२. हिवाळ्यात किंवा पावसात पूल बंद असतो का?

हिवाळ्यातही उघडा असतो, बर्फ बाजूला सारलं जातं. बर्फाचं वादळ, निसरडा थर, फार जोराचा वारा किंवा विजा असतील तर बंद करतात. पुलावर असताना गडगडाट ऐकू आला तर सूचनेची वाट न बघता जवळच्या टोकाकडे चालू लागा. नदीवर इतक्या उंच, उघड्या पोलादी सांगाड्यावर आडोसा कुठेच नाही.

जमिनीवर शून्य अंश असेल तर वर वाऱ्यामुळे बरंच जास्त झोंबतं. पण जानेवारी-फेब्रुवारीत नदीत बर्फाच्या लाद्या तरंगत असतात, भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली सरकतात. जहाजांसाठी तटरक्षक दलाच्या बोटी बर्फ फोडून वाट मोकळी ठेवतात. टकले गरुडही याच काळात नदीवर येतात. जाड कोट, हातमोजे आणि कानटोपी असेल तर हा ऋतू चुकवू नये असाच आहे.

१३. स्वच्छतागृह आणि खाण्याची सोय?

स्वच्छतागृहं दोन्ही टोकांना आहेत, मध्ये नाहीत. चालायला लागायच्या आधी सगळ्यांनी जाऊन घ्या, 'आत्ता नको' म्हणणाऱ्या मुलांनीसुद्धा. हंगामात टोकांपाशी खाण्याच्या गाड्या दिसतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. माणशी अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात लिटरभर. डबा नेला तर तो खालच्या बागेत खावा. पुलावर कागद आणि पिशव्या वाऱ्याने उडतात. दारू आणि धूम्रपान चालत नाही.

१४. नदीत नाणं किंवा फुलं टाकली तर चालेल का?

नाही. नदी दिसली की हात खिशाकडे जातो हे खरं, पण या पुलावरून काहीही टाकायला मनाई आहे. खाली फक्त पाणी नाही : घरं, रस्ते, रेल्वेचे रूळ आणि बोटी आहेत. ६५ मीटरवरून पडलेलं नाणंही कुणाला इजा करू शकतं. हात जोडा, तेवढं पुरे. निर्माल्य आणि अस्थींनाही हाच नियम. फोन कठड्याबाहेर धरून फोटो काढू नका, हातातून सुटला तर तो कोणाच्या तरी डोक्यावर जाऊ शकतो.

१५. सायकल, स्ट्रोलर, कुत्रा?

तिन्ही चालतात. कुत्रा आखूड दोरीवर हवा, आणि उन्हाळ्यात आधी तळहात काँक्रीटवर टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसेल. सायकलस्वारांना हा पूल म्हणजे मोठ्या वाटेचा तुकडा आहे : पूर्वेला डचेस रेल ट्रेल सुमारे १३ मैल, पश्चिमेला हडसन व्हॅली रेल ट्रेल, आणि एम्पायर स्टेट ट्रेलही इथूनच जाते. सगळ्यांनी उजवीकडून चालायचं. मुलं कठड्याकडून कठड्याकडे पळतात आणि मागून सायकल येते. बहुतेक टकरी अशाच होतात. गर्दीच्या वेळी सायकलवरून उतरून चाला.

१६. दोन्ही पूल मिळून फेरी मारता येते का?

येते. एका पुलावरून जाऊन मिड-हडसन पुलाच्या पादचारी मार्गाने परतायचं, चार मैलांच्या आसपास. दुसऱ्या पुलावर शेजारून गाड्या धावतात, वाट अरुंद आहे आणि हायलँडच्या बाजूला रस्त्यावर चांगला चढ-उतार आहे. तरुण मंडळींना उत्तम. व्हीलचेअर, स्ट्रोलर किंवा प्रश्न ७ मधल्या आई-बाबांसाठी नको.

१७. पुलावरून सूर्यास्त बघता येईल का?

फाटक सूर्यास्तालाच बंद होत असल्यामुळे सूर्य बुडताना तुम्ही टोकाजवळ असायला हवं. पश्चिमेच्या उंच काठामागे सूर्य जरा आधीच जातो, म्हणजे शेवटचा सोनेरी अर्धा तास हाती लागतो. पकिप्सीहून निघून परत पकिप्सीकडेच येणार असाल तर परतताना तोंडावर ऊन नसतं आणि समोरचं गाव उजळलेलं दिसतं. रात्री पूल बंद असतो. पुलासाठी काम करणारी संस्था काही पौर्णिमांना रात्रीचा फेरफटका ठेवते, तेवढाच अपवाद. त्याची आगाऊ नोंदणी करावी लागते.

१८. आमच्या मंडळाची चाळीस जणांची सहल आहे. परवानगी लागेल का?

नुसतं चालायला नाही. बॅनर, स्पीकर, ढोल-ताशा, ठरवून केलेलं छायाचित्रण किंवा ड्रोन असेल तर स्टेट पार्क खात्याशी आधी बोलावं लागतं. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. मोठा गट आठ-दहा जणांच्या तुकड्यांत सोडा, रांग आडवी पसरली की इतरांची वाट अडते. परतायची वेळ सगळ्यांना एकच सांगा, आणि भेटायची जागा पुलावर न ठेवता फाटकाबाहेर ठेवा.

१९. हायलँडला गाडी लावून पकिप्सीला उतरलो, आता परत चालवत नाही. काय करायचं?

टॅक्सी किंवा उबर मागवा, मिड-हडसन पुलावरून गाडीपर्यंत थोड्याच मिनिटांचं अंतर आहे आणि त्या दिशेला टोलही नाही. सगळ्यांना न्यायची गरज नाही : चालकाने एकट्याने जाऊन गाडी आणावी, बाकीच्यांनी पार्कर अव्हेन्यूच्या फाटकाशी सावलीत बसावं. गाडी घेऊन पकिप्सीकडे येताना मात्र टोल लागेल (प्रश्न ५).